विज्ञानकथेत शिरायचं कुठून?

“सायन्स फिक्शन माझ्या डोक्यावरून जातं” असं म्हणणाऱ्याला जरा खोदून विचारलं, की बहुतेकदा कळतं की सुरुवातच भलत्या जागी झाली होती. कुणीतरी हौसेनं सहाशे पानी कादंबरी हातात ठेवली, पहिल्या दहा पानांत चार ग्रह आणि सात घराणी आली आणि पुस्तक उशाशी पडून राहिलं. किंवा मित्रांबरोबर एखाद्या मालिकेतला पाचवा सिनेमा आधी बघितला. सगळं थिएटर टाळ्या पिटतंय आणि आपण पॉपकॉर्न चिवडतोय. किशोरवयीन कथांची अडचण उलटी. त्या अवघड वाटत नाहीत, ‘पोरासोरांच्या’ वाटतात, म्हणून तिशी-चाळिशीतला वाचक त्यांना हातच लावत नाही.

विज्ञानकथा आणि किशोरकथा हे दोन्ही प्रकार इथे एकत्र घेतले आहेत, कारण त्यांची गंमत एकाच ठिकाणी आहे. ते ठिकाण दुसऱ्या पायरीवर येईल. भौतिकशास्त्र यावं लागतं हा मात्र निव्वळ गैरसमज. शास्त्राचा पेपर काठावर सुटलेल्या माणसालाही विज्ञानकथा उत्तम कळते.

पायरी पहिली: कादंबरी राहू द्या, कथा घ्या

मराठी वाचकाला इथे एक सोय आयती मिळालेली आहे. आपली विज्ञानकथा वाढली ती मासिकांत आणि दिवाळी अंकांत, त्यामुळे छोटी कथा हाच तिचा मुख्य घाट राहिला. एका बैठकीत संपते. नाही आवडली तर गेला अर्धा तास, एवढंच.

जयंत नारळीकरांपासून सुरुवात करा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी फिरवली होती. परिषदेतल्या मंडळींना त्यांचं अक्षर माहीत, म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून उतरवून घेतली. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. पुढे १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला आणि नवख्यासाठी आजही तोच पहिला घ्यावा. खरं सांगायचं तर नारळीकरांची माणसं फारशी लक्षात राहत नाहीत. कुणीतरी शास्त्रज्ञ असतो, कुणीतरी त्याला प्रश्न विचारणारा असतो. पण कल्पना लखलखीत असते आणि ती समजावून सांगण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पहिल्या पुस्तकाकडून एवढं पुरे.

त्यानंतर आवडीप्रमाणे फांदी धरा. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे ही नावं वाचनालयाच्या कपाटात सहज सापडतात. यंत्रापेक्षा यंत्र वापरणाऱ्या माणसात रस असेल तर मी जावडेकर सुचवीन.

घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर भा. रा. भागवत. त्यांनी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न मराठीत आणला तो भाषांतराचा वास न येऊ देता. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ हे नुसतं नावच उच्चारून बघा, व्हर्न पुण्यात वाढला असावा असं वाटतं.

पायरी दुसरी: बदललेला एक नियम शोधा

सगळ्या लेखात ही पायरी महत्त्वाची. चांगली विज्ञानकथा जगाचा बहुधा एकच नियम बदलते आणि बाकीचं जग आहे तसं ठेवते. वाचताना तो नियम हुडकायचा. तो सापडला की कथेतली निम्मी अवघड वाक्यं आपोआप सोपी होतात.

नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ घ्या. कथा चालते क्रिकेटच्या मैदानावर. उजव्या हातानं गोलंदाजी करणारा खेळाडू एक दिवस डाव्या हातानं चेंडू टाकायला लागतो आणि समोरच्या संघाची दाणादाण उडते. यामागचा बदललेला नियम एवढाच, की डाव्याचं उजवं होऊ शकतं. बाकी सगळं आपलंच: कसोटी सामना, मित्र, देवघरातली मूर्ती.

हा नियम हातांनी करून बघता येतो, आणि बघाच. टाचणवहीतल्या कागदाची एक लांब पट्टी कापा. दोन्ही टोकं जवळ आणा, चिकटवण्याआधी एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि मग डिंक लावा. पट्टीच्या मधोमध पेन्सिल टेकवून रेघ ओढत चला, पेन्सिल उचलू नका. रेघ फिरून सुरुवातीच्या जागी येते तेव्हा कागदाच्या ‘दोन्ही’ बाजूंवर ती उमटलेली असते, कारण या कड्याला आता एकच बाजू उरलेली आहे. हीच मोबियसची पट्टी. आता पट्टी पारदर्शक प्लास्टिकची आहे आणि तिच्यावर उजव्या हाताचा पंजा काढला आहे असं समजा. तो पंजा पट्टीवरून सरकत एक पूर्ण फेरी मारून आला की डाव्या हाताचा दिसतो. कागदाच्या पट्टीवर हे होतं, तर जिवंत माणसाचं का होऊ नये? या प्रश्नावर ती कथा उभी आहे. आधी पट्टी करून मग कथा वाचली तरी रस जात नाही, उलट वाढतो.

नियम सापडला की पुढचा प्रश्न विचारायचा: याची किंमत कोण मोजतंय? आणि विज्ञानकथा व किशोरकथा इथेच एकमेकींना भेटतात. मोठी माणसं बदललेल्या नियमाला सरावलेली असतात, “असंच असतं” म्हणून मोकळी होतात. चौदा-सोळा वर्षांचं पोर अजून सरावलेलं नसतं. त्याच्या डोळ्यांनी बघितलं की नियम किती विचित्र आहे ते आपल्याला दिसतं.

सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ (२००८) हे याचं ठसठशीत उदाहरण. नियम असा: बारा जिल्ह्यांतून दरवर्षी बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठीनं निवडायची, चोवीस जणांना रिंगणात सोडायचं आणि एकच उरेपर्यंत ते सगळं टीव्हीवर दाखवायचं. एका रात्री चॅनेल बदलता बदलता रिअॅलिटी शो आणि इराक युद्धाची दृश्यं डोक्यात एकमेकांत मिसळली, तिथून ही कल्पना आली, असं लेखिकेनं सांगितलेलं आहे. सोळा वर्षांची कॅटनिस आपल्या धाकट्या बहिणीऐवजी पुढे होते तेव्हा आसपासची मोठी माणसं काय करतात याकडे लक्ष ठेवा. पुस्तक ‘पोरांचं’ असल्याची शंका तिथेच फिटते.

तसं बघितलं तर विज्ञानकथेचा पायाच एका पोरीनं घातला. मेरी शेलीनं ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतली १८१६ मध्ये, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १८१८ मध्ये पुस्तक छापून आलं. प्रेतांच्या अवयवांतून जीव निर्माण करता आला तर, हा तिचा बदललेला नियम. आणि किंमत मोजतो तो निर्माण झालेला जीव, ज्याला साधं नावसुद्धा कुणी ठेवलेलं नाही. फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नव्हे, शास्त्रज्ञाचं. गप्पांत ही चूक निघाली की नवख्यानं बिनधास्त दुरुस्त करावी.

पायरी तिसरी: अनोळखी शब्दांवर अडायचं नाही

विज्ञानकथेचे लेखक मुद्दाम न समजावता शब्द टाकतात. यंत्रांची नावं, हुद्दे, सणवार. वहीत लिहून ठेवायला गेलात तर अभ्यास होऊन बसेल. पहिली पंचवीस-तीस पानं धुकं राहणार असं धरूनच चला. जो शब्द खरोखर लागणार आहे तो पुन्हा पुन्हा येतो आणि आपोआप कळतो. जो पुन्हा येत नाही त्याची गरजच नव्हती. पन्नास पानांनंतरही काही सुधरत नसेल तर पुस्तक मिटा, दुसरं घ्या. वाङ्मयीन प्रामाणिकपणा दाखवायची ही जागा नाही.

पायरी चौथी: आधी पुस्तक की आधी सिनेमा?

यावर घराघरांत भांडणं होतात. माझं उत्तर: कथेचं गुपित कुठे लपवलंय यावर ते ठरतं.

लोइस लाउरी यांची ‘द गिव्हर’ (१९९३) वाचायचा बेत असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.

बारा वर्षांचा जोनास एका शांत, नेटक्या वसाहतीत राहतो. मित्राबरोबर सफरचंद फेकाफेकी चाललेली असताना ते हवेत क्षणभर ‘बदलतं’. काय बदललं ते त्याला सांगता येत नाही, आणि लेखिकाही सांगत नाही. कितीतरी पानांनंतर कळतं की या वसाहतीत रंगच नाहीत आणि जोनासला त्या क्षणी लाल दिसला होता. मग आपण मागची पानं चाळतो: खरंच की, एकाही वस्तूचा रंग आत्तापर्यंत सांगितलेला नव्हता, आणि आपण आपल्या मनानं घरं, झाडं, कपडे रंगवून घेतले होते. छापील शब्दालाच ही चलाखी जमते. २०१४ च्या सिनेमाची सुरुवातच कृष्णधवल आहे. कॅमेऱ्याला रंग दाखवावा तरी लागतो किंवा लपवावा तरी, आणि लपवला की लपवलेला दिसतो. सिनेमावाल्यांचा इलाज नव्हता. शिवाय जोनासला त्यांनी बराच मोठा करून टाकलाय, म्हणजे थोडं प्रेमप्रकरण आणता येतं. इथे पुस्तकच आधी, आणि सिनेमा नाही बघितला तरी चालेल.

‘हंगर गेम्स’ची गोष्ट वेगळी. पुस्तक सगळं कॅटनिसच्या तोंडून आहे, वर्तमानकाळात. तिला जेवढं माहीत तेवढंच आपल्याला. २०१२ च्या सिनेमानं मनातलं बोलणं काढून टाकलं आणि त्याऐवजी खेळ चालवणाऱ्यांची कंट्रोल रूम दाखवली. बटणं दाबून जंगलात आग लावणारी ती पांढऱ्या कपड्यांतली माणसं पुस्तकात अशी दिसतच नाहीत. म्हणजे दोन्हींत वेगळा माल आहे. वाचनाची सवय सुटली असेल तर आधी सिनेमा बघा, मग पुस्तक. चेहरे ओळखीचे झाल्यामुळे पानं भरभर उलटतात.

विज्ञान बाजूला ठेवून नुसतं किशोरवय हवं असेल तर मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४). आणीबाणीच्या काळातली नववी, मुकुंद जोशी, त्याचे मित्र, अर्धवट बांधलेल्या इमारतीतला अड्डा आणि त्याला आवडणारी शिरोडकर. या एका कादंबरीवर ‘गमभन’ नाटक झालं, हिंदी सिनेमा झाला आणि सुजय डहाके यांचा मराठी ‘शाळा’ झाला, ज्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माध्यम बदललं की काय बदलतं हे शिकायला मराठीत याहून चांगला नमुना नाही. मुकुंदची अखंड बडबड, मनातल्या मनात मारलेले टोमणे, स्वतःशीच मारलेली फुशारकी, हे सगळं पुस्तकात आहे. पडद्यावर त्याच्या जागी शांतता आली आणि नजरा आल्या. मला पुस्तकातला मुकुंद जास्त खट्याळ वाटतो, सिनेमातला जास्त एकटा. याच डहाक्यांनी २०१६ मध्ये ‘फुंतरू’ केला, इंजिनिअरिंग कॉलेजातली विज्ञान-प्रेमकथा. जमला न जमला हा वाद बाजूला ठेवू, पण मराठी पडद्यावर हा प्रकार इतका दुर्मीळ आहे की नवख्यानं एकदा बघून ठेवावा.

‘फास्टर फेणे’बद्दल जुने वाचक अजून नाराज असतात. भागवतांचा बन्या शाळकरी, विद्याभवनातला, सायकल हाणणारा, “ट्टॉक्” करणारा. २०१७ च्या सिनेमात अमेय वाघ वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे. दूरदर्शनवर सुमीत राघवननं केलेला फेणे ज्यांनी लहानपणी बघितला त्यांना हे पचत नाही. मला विचाराल तर बदल योग्य होता. आजच्या पुण्यात शाळकरी पोराला एकट्यानं गुंडांच्या मागे सोडलं तर प्रेक्षकांतली आईच आधी उठून जाईल. आणि दिलीप प्रभावळकरांना खुद्द भा. रा. भागवतांच्या भूमिकेत आणलं, एवढ्यावर बाकीचं माफ.

एक ठोकताळा सांगून ठेवतो: छोट्या कथेवरचे सिनेमे जाड कादंबरीवरच्या सिनेमांपेक्षा जास्त जमतात. टेड चियांग यांची ‘स्टोरी ऑफ युवर लाइफ’ ही १९९८ मधली दीर्घकथा. तिच्यावरचा ‘अरायव्हल’ (२०१६) दोन तासांत ऐसपैस बसतो. उलट ‘ड्यून’ (१९६५) ही अवाढव्य कादंबरी १९८४ मध्ये एकाच सिनेमात कोंबली तेव्हा कुणालाच धड कळेना. २०२१ आणि २०२४ असे दोन भाग केले तेव्हा कुठे तिला श्वास घेता आला.

पायरी पाचवी: मालिका असेल तर क्रम

ज्या क्रमानं प्रसिद्ध झालं त्याच क्रमानं. अपवाद शोधू नका. ‘स्टार वॉर्स’चा १९७७ चा सिनेमा आधी, मग १९८० आणि १९८३ चे, १९९९ पासूनचे ‘आधीच्या काळातले’ भाग नंतर. कथेच्या कालक्रमानं गेलात तर १९८० मधला प्रसिद्ध धक्का आधीच फुसका होतो. ‘हंगर गेम्स’चंही तसंच: मूळ तीन पुस्तकं आधी, खलनायक स्नोच्या तरुणपणाचं २०२० चं पुस्तक मागाहून. खलनायक कसा झाला हे कळण्याआधी तो खलनायक म्हणून भेटलेला बरा.

पायरी सहावी: पडद्यासमोर बसताना

हिंदी डबिंग सोयीचं असतं, पण विज्ञानपटात ते बऱ्याचदा शब्दांची वाट लावतं. इंग्रजी आवाज आणि इंग्रजी सबटायटल हा मेळ बहुतेकांना मानवतो, कारण वाचलेलं इंग्रजी ऐकलेल्यापेक्षा लवकर कळतं. गुंतागुंतीचा सिनेमा असेल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन मिनिटं नजर हटली आणि नेमकं त्यातच कुणीतरी काळ ओलांडून गेलेलं असतं.

मुलांबरोबर बघणार असाल तर ओटीटीवर सुरुवातीला दिसणारा शिक्का वाचा: यूए ७+, १३+, १६+. त्याच्या शेजारी हिंसा, शिव्या, भीती असं काय आहे तेही दिलेलं असतं. नायक सोळा वर्षांचा आहे म्हणून सिनेमा सोळा वर्षांच्या मुलांसाठीच आहे, असं धरून चालू नका.

पायरी सातवी: “पण असं कुठं असतं का?”

घरात एक तरी माणूस असा असतोच जो मध्येच हे विचारतो. त्याच्यासाठी एक कसोटी: कथेनं स्वतः घातलेला नियम कथा पाळते का? ‘इंटरस्टेलर’मध्ये (२०१४) कृष्णविवराजवळच्या त्या पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. तीव्र गुरुत्वाकर्षणात काळ सावकाश चालतो हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतातलं आहे, आणि सिनेमाला शास्त्रीय सल्ला देणारे किप थॉर्न यांना तीन वर्षांनी नोबेल मिळालं. पण त्या प्रसंगाची खरी ताकद हिशोबात आहे: ग्रहावर थोडा वेळ चुकतो आणि वर थांबलेला सहकारी तेवीस वर्षांनी म्हातारा होऊन समोर येतो. नियम घातला, पाळला, किंमत दाखवली. उलट ‘स्टार वॉर्स’मध्ये अंतराळात धडाधड स्फोटांचे आवाज येतात. निर्वात पोकळीत आवाज येत नाही हे आठवीतलं पोरही सांगेल. तरी तिथे तक्रार करू नये, कारण त्या सिनेमानं शास्त्राचं वचन दिलेलंच नव्हतं. ती अंतराळात घडणारी राजपुत्रांची आणि तलवारींची गोष्ट आहे. वचन देऊन मोडणाऱ्या सिनेमांवर खुशाल तोंडसुख घ्या.

पायरी आठवी: मिळवायचं कुठून

पैसे खर्च न करताही बरंच हाती लागतं. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात; त्यांत विज्ञानकथा विखुरलेल्या आहेत आणि चित्रंही पाहण्यासारखी आहेत. व्हर्न, एच. जी. वेल्स, मेरी शेली यांची इंग्रजी पुस्तकं स्वामित्वहक्कातून मुक्त असल्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात; इंग्रजी जेमतेम असेल तर वेल्सची ‘द टाइम मशीन’ (१८९५) धरा, लहानशी आहे. ‘हॅरी पॉटर’ मराठीत आहे, पहिल्या भागाचं नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. ती जादूची गोष्ट, विज्ञानाची नव्हे, पण शाळकरी मुलाला जाड पुस्तकाची भीती घालवायला तिच्यासारखं दुसरं नाही.

आणि दिवाळीच्या आधी जवळच्या वाचनालयात चौकशी करून ठेवा. बऱ्याच ठिकाणी ठरावीक वर्गणी भरून हंगामभर दिवाळी अंक आळीपाळीनं घरी नेता येतात. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ यांच्यावर उड्या पडतात, तेव्हा नाव आधी नोंदवलेलं बरं. रहस्यकथा आणि भुताटकी यांच्या मधोमध विज्ञानकथा बसलेली असते. अनुक्रमणिकेत तिच्यावर बोट ठेवा आणि थेट तेच पान उघडा.